परदेशी सहकार्य आणि संशोधनाची सुरक्षा: नव्या संशोधकांनी कुठून सुरुवात करावी

हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स लीबर यांना डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ज्यूरीनं दोषी ठरवलं, तेव्हा त्यांनी लॅबमधली गुपितं चीनला दिली असाच अनेकांचा समज झाला. खटल्यात तसा आरोपच नव्हता. चीनमधल्या वुहान युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीशी असलेला करार आणि परदेशातले तज्ज्ञ ओढण्यासाठीच्या चीनच्या ‘थाउजंड टॅलेंट्स’ योजनेतला सहभाग याबद्दल त्यांनी सरकारी यंत्रणांना खोटं सांगितलं, तिथलं उत्पन्न करविवरणात दाखवलं नाही आणि चीनमधल्या बँक खात्याची माहिती दिली नाही, असे ते आरोप होते. तो करार त्यांनी सुरुवातीलाच विद्यापीठापुढे ठेवला असता, तर फार तर एक नकार ऐकावा लागला असता.

संशोधनाची सुरक्षा म्हटलं की डोळ्यांपुढे हेर येतात. हेर असतात, नाही असं नाही. पण पीएचडीला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्याला, पोस्टडॉकला किंवा नव्यानं रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला रोज ज्याच्याशी गाठ पडते ते प्रकरण बरंच साधं असतं. न वाचता सही केलेला करार, फॉर्ममधला मोकळा सोडलेला रकाना, कुणाला तरी सहज दिलेला सर्व्हरचा पासवर्ड.

नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटननं २०१९ मध्ये ‘ट्रस्टेड रिसर्च’ मोहीम सुरू केली, ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी विद्यापीठांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, कॅनडानं जानेवारी २०२४ मध्ये संवेदनशील तंत्रज्ञानांची आणि धोकादायक वाटणाऱ्या संशोधन संस्थांची यादीच जाहीर केली, आणि मे २०२४ मध्ये युरोपीय संघानं आपल्या सदस्य देशांना शिफारशी केल्या. तुमच्या देशाचे नियम तुम्हाला वाचावेच लागतील. खालची पावलं मात्र कुठेही उपयोगी पडतील.

पाऊल १: आपल्याकडे जपण्यासारखं काय आहे ते लिहून काढा

एक पान पुरे. छापून आलेले पेपर त्यात घालू नका. ते जगासाठीच आहेत. मूलभूत संशोधन शक्य तितकं खुलं राहावं हे अमेरिकेनंसुद्धा शीतयुद्धाच्या काळात, १९८५ च्या एका निर्देशात लिहून ठेवलं, आणि तो विचार आजही लागू आहे. सगळंच कुलपात घालायला निघालेलं विद्यापीठ विद्यापीठ राहत नाही.

यादीत येईल ते असं: अप्रकाशित डेटा, सोर्स कोड, नमुने, पेटंटचा अर्ज जायच्या आधीची कल्पना, भागीदार कंपनीनं विश्वासानं दिलेली माहिती, रुग्णांची आरोग्यविषयक किंवा जनुकीय माहिती. आणि फसलेल्या प्रयोगांची वही. ती कुणी मोजत नाही, पण कुठले रस्ते बंद आहेत हे ज्याला आयतं कळतं त्याचं वर्षभराचं काम वाचतं.

मग बघा, तुमचा विषय दुहेरी वापराचा आहे का. म्हणजे नागरी कामाला येतो आणि लष्करालाही. क्वांटम, सेमीकंडक्टर, प्रगत मटेरियल्स, ड्रोन, पाण्याखालचं ध्वनिशास्त्र, कृत्रिम बुद्धिमत्ता, सिंथेटिक बायॉलॉजी असं काही असेल तर सावधगिरीची पातळी एक पायरी वर न्या. तंत्रज्ञान किती पिकलंय हेही महत्त्वाचं. नासानं रूढ केलेल्या १ ते ९ च्या मोजपट्टीवर १ म्हणजे नुसतं तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली यंत्रणा. आकडा वर सरकतो तशी चिंताही वाढवायची.

सामाजिक शास्त्रांतले लोक हे वाचून ‘आमचा काय संबंध’ म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. एखाद्या राजवटीबद्दल मोकळेपणानं बोललेल्या माणसांच्या मुलाखती तुमच्या लॅपटॉपवर असतील, तर ती फाइल कुठल्याही सर्किटच्या आराखड्यापेक्षा जपायला हवी. आराखडा गेला तर पेटंट जाईल, मुलाखत गेली तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो. नावं आणि मुलाखती वेगवेगळ्या ठिकाणी, एन्क्रिप्ट करून ठेवा.

पाऊल २: समोरची संस्था तपासा, माणसाचा पासपोर्ट नव्हे

हा मुद्दा जरा ताणून सांगतो, कारण इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात.

लीबर अमेरिकी. पुढे ज्यांचा उल्लेख येईल ते टेनेसीचे प्राध्यापक रॉथ, तेही अमेरिकी. नॉर्वेत ट्रॉम्सोच्या विद्यापीठात ऑक्टोबर २०२२ मध्ये एका पाहुण्या संशोधकाला अटक झाली. त्याच्याकडची ओळख ब्राझीलची होती, पण तो रशियाचा माणूस असल्याचं नॉर्वेच्या सुरक्षा यंत्रणेनं सांगितलं, आणि ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत तो रशियाला परतला. पासपोर्ट बघून यांतलं काय कळलं असतं?

उलट बाजूही तितकीच खरी. टेंपल विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ शिओशिंग शी यांना मे २०१५ मध्ये अटक झाली, ती ‘पॉकेट हीटर’ नावाच्या उपकरणाचे आराखडे चीनला पाठवल्याच्या आरोपावरून. ते आराखडे त्या उपकरणाचे नव्हतेच, हे जाणकारांनी दाखवून दिल्यावर सप्टेंबरमध्ये आरोप मागे घेतले गेले. एमआयटीचे गांग चेन यांच्यावरचे आरोपही वर्षभरानं, जानेवारी २०२२ मध्ये मागे घ्यावे लागले. अमेरिकी न्याय विभागाच्या ज्या ‘चायना इनिशिएटिव्ह’खाली चेन यांच्यासारखे खटले चालले तो कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला होता, संशयाचं वातावरण निर्माण केल्याची टीका होऊन फेब्रुवारी २०२२ मध्ये तो गुंडाळला गेला. तोपर्यंत माणसांची व्हायची ती होरपळ होऊन गेली होती.

तेव्हा आडनावावरून अंदाज बांधू नका. संस्था, पैसा आणि करार बघा. अर्ध्या तासात बरंच कळतं. संस्थेचं नाव तिच्या मूळ लिपीत टाकून शोधा, कारण इंग्रजी वेबसाइट पाहुण्यांसाठी सजवलेली असते. ज्याच्याशी काम करायचंय त्याचे गेल्या तीन-चार वर्षांचे पेपर काढा आणि सारांश सोडून थेट आभारप्रदर्शनाच्या परिच्छेदाकडे जा. पैसे कुणी दिले ते तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या पेपरवर नेहमीच्या विद्यापीठासोबत दुसऱ्याच संस्थेचं नाव दिसतं का? ती दुसरी संस्था संरक्षण खात्याची प्रयोगशाळा निघाली, तर प्रश्न विचारायला जागा आहे. निर्बंध असलेल्या संस्थांच्या सरकारी याद्या ऑनलाइन मोफत बघता येतात. चिनी संस्थांपुरतं ऑस्ट्रेलियन स्ट्रॅटेजिक पॉलिसी इन्स्टिट्यूटचं ‘चायना डिफेन्स युनिव्हर्सिटीज ट्रॅकर’ कामाला येतं, मात्र ते एका संस्थेचं मूल्यमापन आहे, कायदा नव्हे हे लक्षात ठेवून वाचा.

सापडलं ते तारखेसकट एका फाइलमध्ये टाका. काही खटकलं म्हणजे लगेच काट मारायची असं नाही. विषय बदलून, व्याप्ती कमी करून, डेटा वेगळा ठेवून बरीच सहकार्यं व्यवस्थित चालतात. तो निर्णय एकट्यानं घेऊ नका, संशोधन कार्यालयाच्या कानावर घाला.

पाऊल ३: करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

आमंत्रणाचं पत्र नेहमी गोड असतं. मानद प्राध्यापकपद, वर्षाला दोन महिने मुक्काम, स्वतंत्र लॅब, विद्यार्थी, मानधन. खरी गोष्ट जोडपत्रात असते.

समजा त्यात एक वाक्य आहे: ‘कराराच्या काळात निर्माण होणारी सर्व बौद्धिक संपदा यजमान संस्थेची राहील.’ वाचायला निरुपद्रवी. पण त्या काळात तुमचा पगार तुमचं विद्यापीठ देतंय, प्रयोगाचा खर्च तिसऱ्याच फंडिंग संस्थेच्या ग्रँटमधून होतोय, आणि दोघांनीही बौद्धिक संपदेवर हक्क सांगणारे कागद तुमच्याकडून आधीच सही करून घेतलेत. आता तुमच्या वहीतल्या एकाच पानाला तीन मालक झाले. पुढे पेटंट घ्यायला गेलात की हे बाहेर येणार.

अशीच आणखी काही कलमं आहेत, जी दिसली की पेन खाली ठेवावं. कराराबद्दल आपल्या संस्थेला न सांगण्याची अट. आणखी संशोधक भरती करून आणण्याची अट. इथे चालू असलेलं काम तिथे जसंच्या तसं उभं करण्याची अट. यजमान संस्थेचं नाव प्रत्येक पेपरवर, तिथे काम झालेलं नसलं तरी, घालण्याची अट. सोडून जायची सोय नसणं. अमेरिकेच्या २०२२ च्या ‘चिप्स अँड सायन्स’ कायद्यात घातक भरती योजनांची जी लक्षणं दिलीत, त्यांत यांतली बरीचशी आहेत. माझ्या मते या सगळ्यांत गुप्ततेची अट सर्वांत बोलकी. प्रामाणिक सहकार्य तुमच्या विभागप्रमुखापासून लपवायची कुणालाच गरज पडत नाही.

करार दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कुठल्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची हे शोधा. ती भाषा तुम्हाला येत नसेल तर विद्यापीठाकडून भाषांतर करून घ्या. समोरच्यानं करून दिलेल्या भाषांतरावर विसंबू नका. मानधन शक्यतो विद्यापीठामार्फतच घ्या. आणि सही करायचा अधिकार तुम्हाला आहे का, हे आधी विचारा. अनेक विद्यापीठांत तो प्राध्यापकाला नसतोच.

पाऊल ४: सांगून टाका, लेखी

फंडिंगच्या अर्जात आणि विद्यापीठाच्या वार्षिक घोषणापत्रात इतर पदं, इतर पैसा, इतर हितसंबंध विचारलेले असतात. पगारी पदं सगळे लिहितात. राहून जातं ते बिनपैशाचं: मानद पद, परदेशी संस्थेच्या सल्लागार समितीतलं नाव, वापरायला मिळालेलं उपकरण, स्वतःची शिष्यवृत्ती घेऊन तुमच्या लॅबमध्ये आलेला पाहुणा विद्यार्थी. तुमच्या कामाला त्याचे हात लागले, म्हणजे अनेक फंडिंग संस्थांच्या लेखी ती मदतच.

फॉर्म नेमकं काय विचारतोय तेही नीट बघा. गांग चेन यांच्या खटल्यात शेवटी मुद्दा हाच निघाला की जे जाहीर केलं नाही असं म्हटलं जात होतं, ते जाहीर करण्याची त्या वेळी सक्तीच नव्हती. शंका असेल तर फंडिंग संस्थेला मेलनं विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या ‘हो, चालेल’चा पुढे काही उपयोग नसतो.

एक छोटं काम वर्षातून एकदा करा. तुमचा सीव्ही, विभागाच्या वेबसाइटवरचा परिचय, ऑर्किडवरची (संशोधकांच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकाच्या यंत्रणेवरची) नोंद, शेवटच्या पाच पेपरांवरचा पत्ता आणि शेवटचा ग्रँट अर्ज शेजारी शेजारी उघडा. सगळीकडे एकच गोष्ट सांगितलीय का? तपास करणारा माणूस पहिल्यांदा हेच जुळवून बघतो.

परीक्षणासाठी आलेले इतरांचे प्रस्तावही याच भानगडीत येतात. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेनं ऑगस्ट २०१८ मध्ये दहा हजारांहून अधिक संस्थांना पत्र पाठवलं, त्यात तीन काळज्या मांडल्या होत्या: बौद्धिक संपदा दुसरीकडे वळवणं, परीक्षणातली गोपनीय माहिती फोडणं आणि परदेशी मदत न सांगणं. आता त्यात चॅटबॉटची भर पडली आहे. दुसऱ्याचा प्रस्ताव चॅटबॉटमध्ये टाकून सारांश काढणं म्हणजेही तो बाहेर देणंच. एनआयएचनं २०२३ मध्ये परीक्षकांना हे स्पष्टपणे मना केलं.

पाऊल ५: निर्यात म्हणजे फक्त जहाजानं जाणारा माल नव्हे

प्रत्येक मोठ्या देशाची नियंत्रित वस्तूंची आणि तंत्रज्ञानांची यादी असते. भारतात ती ‘स्कोमेट’ नावानं ओळखली जाते. नव्या माणसाला कळत नाही ते एवढंच, की या याद्यांच्या दृष्टीनं ज्ञानसुद्धा माल असतो. आराखडा मेलनं पाठवला, क्लाउडवर शेअर केला, लॅपटॉपमध्ये घेऊन विमानात बसलात, तरी निर्यात होऊ शकते. अमेरिकी कायद्यात तर नियंत्रित तंत्रज्ञान देशातल्या देशात, शेजारच्या टेबलावरच्या परदेशी नागरिकाला दाखवणंही निर्यातीत मोडतं.

टेनेसी विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक जे. रीस रॉथ यांचं प्रकरण यासाठी वाचावं. अमेरिकी हवाई दलाच्या प्रकल्पात ड्रोनच्या पंखांसाठी प्लाझ्मा तंत्रज्ञानावर ते काम करत होते. त्या कामाची माहिती त्यांनी एका चिनी आणि एका इराणी पदव्युत्तर विद्यार्थ्याला दिली, आणि कागदपत्रं घेऊन चीनला गेले. काम अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे म्हणजे नियम लागू नाही, अशी त्यांची समजूत. विद्यापीठाच्या निर्यात नियंत्रण अधिकाऱ्यानं आधी सावध केलं होतं, तेही मनावर घेतलं नाही. २००८ मध्ये दोषी ठरले, २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. वय सत्तरीच्या पुढे.

तुम्ही काय करायचं? प्रकल्प सुरू होण्याआधी, विद्यार्थी नेमण्याआधी, निर्यात नियंत्रणाचं काम बघणाऱ्याला एक मेल: विषय हा, पैसे यांचे, गटात हे हे लोक, परवाना लागेल का? करारात ‘प्रकाशनापूर्वी आमची मंजुरी घ्यावी’ असं कलम असेल तर ते मेलमध्ये वर लिहा. प्रकाशनावर बंधन आलं की मूलभूत संशोधनाला निर्यात नियमांतून मिळणारी सूट बऱ्याचदा जाते.

पाऊल ६: मेल आणि पासवर्ड

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेनं इराणमधल्या ‘मबना इन्स्टिट्यूट’शी संबंधित ९ इराणी व्यक्तींवर आरोप ठेवले. आरोपपत्रानुसार त्यांनी अमेरिकेतल्या १४४ आणि इतर २१ देशांतल्या १७६ विद्यापीठांत घुसखोरी केली, सुमारे एक लाख प्राध्यापकांच्या खात्यांवर नेम धरला, त्यांतली सुमारे आठ हजार खाती फोडली आणि ३१ टेराबाइटहून अधिक माहिती नेली.

हे जमलं कसं? प्राध्यापकाला दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावानं मेल येई. तुमचा अमुक पेपर वाचला, आवडला, तुमच्या आणखी या लेखांबद्दल उत्सुकता आहे, सोबत लिंक. क्लिक केलं की स्वतःच्याच विद्यापीठाचं लॉगिन पान उघडल्यासारखं दिसे. पत्त्यात एखाद्या अक्षराचा फरक. ‘लॉगिन संपलं असेल’ म्हणत माणूस पासवर्ड टाकी आणि कामाला लागे. पेपर आवडला म्हणणाऱ्याला नाही म्हणणं कुठल्याही प्राध्यापकाला जड जातं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत तर क्लिकचीही गरज पडली नाही. २०१८ च्या अखेरीस एका वरिष्ठ कर्मचाऱ्याच्या खात्यात आलेला मेल नुसता प्रिव्ह्यूमध्ये दिसला आणि तेवढ्यावर काम झालं, असं विद्यापीठानं स्वतःच्या अहवालात लिहिलं. घुसखोरी कळली पुढच्या वर्षी. ज्या यंत्रणेत हे हल्लेखोर शिरले त्यात १९ वर्षांपर्यंतची माहिती होती.

म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, अपडेट टाळू नका, आणि लिंकवरून लॉगिन करण्याऐवजी पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क वापरा. आज एवढंच करायला वेळ असेल तर शेअर्ड फोल्डर उघडा आणि कुणाकुणाला प्रवेश आहे ती यादी बघा. दोन वर्षांपूर्वी गेलेला इंटर्न त्यात हमखास सापडतो.

पाऊल ७: प्रवास आणि पाहुणे

प्रवासाला शक्य असेल तर विद्यापीठाचा कोरा लॅपटॉप न्या, भाषणापुरत्या फाइल घाला, परत आल्यावर तो आयटी विभागाकडून पुसून घ्या. सीमेवर अधिकारी उपकरण उघडायला सांगू शकतात, तेव्हा जे दाखवायचं नाही ते सोबतच नको. भेट मिळालेला पेनड्राइव्ह वापरू नका.

लॅबमध्ये पाहुणा येणार असेल तर तो येण्याआधी फळा पुसा, कुठल्या खोल्या दाखवायच्या ते ठरवा, आणि त्याच्या खात्याला व कार्डाला जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी घाला. ठरल्यापेक्षा वेगळी माणसं आयत्या वेळी सोबत आली तर चहा-पाणी जरूर करा, लॅब मात्र दाखवू नका.

पाऊल ८: विद्यार्थ्यावर दबाव येत असेल तर

परदेशी हस्तक्षेप अनेकदा डेटासाठी नसतो, माणसाला गप्प करण्यासाठी असतो. परदेशातून आलेला विद्यार्थी वर्गात काय बोलला हे मायदेशी कळवलं जातं आणि त्याच्या घरच्यांना ‘समज’ दिली जाते. असा विद्यार्थी तुमच्याशी बोलायला आला तर आधी ऐकून घ्या आणि त्याला विचारल्याशिवाय कुणालाही, अगदी चांगल्या हेतूनंही, त्याचं नाव सांगू नका. चर्चेचं रेकॉर्डिंग बंद ठेवणं, नावाशिवाय लेखी काम स्वीकारणं, संवेदनशील विषयाच्या निबंधाला पर्याय देणं हे तुमच्या हातात असतं. त्या देशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे खबऱ्या म्हणून बघणं ही मात्र त्याच विद्यार्थ्यांना दिलेली दुसरी शिक्षा ठरते.

पाऊल ९: काही खटकलंच तर

स्वतः तपास करू नका आणि समोरच्याला जाबही विचारू नका. संशोधन सुरक्षेचा अधिकारी असेल तर त्याला, नसेल तर संशोधन कार्यालयाला किंवा आयटी विभागाला कळवा. नोंद लिहिताना जे घडलं तेवढंच लिहा: कोण, कधी, काय मागितलं, तुम्ही काय उत्तर दिलं. अंदाज लिहायचाच असेल तर तो वेगळ्या परिच्छेदात, अंदाज म्हणून. राष्ट्रीयत्व त्या घटनेशी थेट संबंधित नसेल तर ते नोंदीत घालू नका. मेल पुसू नका आणि फॉरवर्डही करू नका, तो फाइल म्हणून जतन करून जोडा. फॉरवर्ड केलेल्या मेलमधून पाठवणाऱ्याचा खरा मार्ग दाखवणारा तपशील गळून जातो आणि आयटी विभागाला नेमका तोच हवा असतो.